थांबून खेळणारा विंगर

विंगर म्हटला की तो पळणार, हे आपण गृहीतच धरलेलं असतं. मैदानाच्या कडेची पांढरी रेघ, तिला लगटून सुटलेला चेंडू, मागून धापा टाकत येणारा बचावपटू आणि शेवटी गोलसमोर उचललेला क्रॉस. अर्दा तुरान हा तुर्की खेळाडू बहुतेक कारकीर्द डाव्या विंगवर खेळला, पण पळण्याच्या शर्यतीत तो समोरच्या संघाच्या निम्म्या खेळाडूंनाही हरवू शकला नसता. चेंडू पायाशी आला की तो आधी थांबायचा. बुटाचा तळवा चेंडूवर, पाठ बचावपटूकडे, कंबर मागे रेटलेली, एक हात आडवा. दोन सेकंद, कधी तीन. फुटबॉलमध्ये तीन सेकंद म्हणजे चैन आहे. तेवढ्या वेळात अॅटलेटिको माद्रिदमधला त्याचा सहकारी, डावा बॅक फिलिपे लुईस त्याच्या बाजूनं वर चढलेला असायचा, बाकीचे आपापल्या जागा पकडून बसलेले असायचे आणि ‘आता कोंडला याला’ म्हणून अंगावर आलेला बचावपटू आपली जागा सोडून भलतीकडेच सापडलेला असायचा. मग अर्दा चेंडू सोडायचा, तोही बहुतेक वेळा साध्या चार-पाच यार्डांच्या पासनं. टाळ्या पडाव्यात असं काही घडलेलंच नसायचं.

मला तो आवडायचा तो याच थांबण्यासाठी. मध्यंतरी त्याची सगळी कारकीर्द एका बैठकीत पुन्हा डोळ्यांखालून घातली आणि एक गोष्ट खटकत राहिली. चेंडू पायाशी असताना या माणसाइतकं थांबणं फार कमी जणांना जमलं. चेंडू नसताना मात्र त्याला अजिबात थांबता आलं नाही. आणि नशिबानं त्याला नेमकं तेच, पुन्हा पुन्हा, करायला लावलं.

आज ‘अर्दा’ एवढंच टाइप केलं तर फोन आधी दुसराच अर्दा दाखवतो. अर्दा ग्युलेर, रेआल माद्रिदचा. वयानं अठरा वर्षं लहान, डाव्या पायाचा, देखणा खेळाडू. त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण नव्यानं फुटबॉल पाहायला लागलेल्या पोरांना अर्दा तुरान म्हटलं की ‘तो बूट फेकणारा ना?’ एवढंच आठवतं, हे मात्र जिवाला लागतं.

तर हा अर्दा इस्तंबूलच्या बायरामपाशाचा. जन्म ३० जानेवारी १९८७. बॉस्फरसचं निळं पाणी आणि मशिदींचे मनोरे असलेलं जे इस्तंबूल पर्यटकांच्या फोटोंत दिसतं, त्यात बायरामपाशा सहसा नसतं. युरोपीय बाजूची ही दाट कष्टकरी वस्ती. बाल्कनमधून आलेली कुटुंबं इथे मोठ्या संख्येनं वसली. एके काळी इथल्या शेतांतल्या आर्टिचोकच्या भाजीला शहरभर मागणी होती, पुढे शेतं गेली आणि नाव राहिलं. दुसरी ओळख होती तुरुंगाची. अल्तनतेप्सी हा याच भागातला मोहल्ला आणि अल्तनतेप्सी माकेलस्पोर हा तिथला छोटा क्लब. अर्दाची सुरुवात तिथली. १२–१३ वर्षांचा असताना तो गालातासाराय या इस्तंबूलच्या मोठ्या क्लबच्या अकादमीत आला. घरापासूनच गालातासारायचा भक्त असलेल्या पोराला यापेक्षा जास्त काय हवं असतं?

२००५ च्या जानेवारीत तो पहिल्या संघाकडून खेळला. पुढच्या मोसमात क्लबनं त्याला अर्ध्या वर्षासाठी मनिसास्पोरकडे उसना दिला. तरुण पोराला खेळायला मिळावं म्हणून क्लब असं करतातच, त्यात गैर काही नाही. पण झालं असं, की त्याच मोसमाच्या शेवटच्या दिवशी, मे २००६ मध्ये, कट्टर प्रतिस्पर्धी फेनेरबाचेचा पाय देनिझलीत घसरला आणि गालातासाराय लीगविजेता झाला. इस्तंबूलचा अर्धा भाग रस्त्यावर नाचत होता आणि आपल्या क्लबचा हा वेडा मनिसात होता. तेव्हा तो १९ वर्षांचा होता, त्याला काय त्याचं, असं म्हणता येईल. दोनच वर्षांनी, २००८ मध्ये, त्यानं स्वतः खेळून ते विजेतेपद मिळवलंही. म्हणजे मोठ्या क्षणी हा माणूस कायम गैरहजर, असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. तरीही २००६ ची ती नोंद मी बाजूला काढून ठेवली, कारण पुढे तिला जोडीदार मिळत गेले.

२००८ चा युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा. तुर्कस्तान त्या स्पर्धेत जे काही खेळला त्याला डावपेच वगैरे नावं देण्यात अर्थ नाही. पहिला सामना पोर्तुगालशी हरले. दुसरा बाझेलमध्ये यजमान स्वित्झर्लंडशी. धो धो पाऊस, मैदानाचं तळं झालेलं, चेंडू लाथाडला तरी दोन हातांवर जाऊन पाण्यात बसायचा. स्वित्झर्लंडचा गोल केला हाकान याकिननं. आईवडील तुर्की, म्हणून गोल केल्यावर हातही वर केले नाहीत त्यानं. तुर्कस्ताननं बरोबरी केली आणि ९२ व्या मिनिटाला अर्दा डावीकडून आत वळला. त्यानं मारलेला फटका बचावपटूच्या पायाला लागून उंच उडाला आणि गोलकीपरच्या डोक्यावरून जाळीत पडला. नशिबाचा गोल होता. पण नशीब ज्या जागी सापडतं त्या जागी ९२ व्या मिनिटाला पोचलेलं असावं लागतं.

तिसरा सामना जिनिव्हात चेक प्रजासत्ताकाशी. ०–२ पिछाडी. ७५ व्या मिनिटाला अर्दाचा गोल. मग ८७ व्या मिनिटाला पेटर चेखसारख्या गोलकीपरच्या हातून साधा क्रॉस निसटला आणि निहातनं बरोबरी साधली, दोनच मिनिटांत पुन्हा निहातनं मारलेला फटका बारला घासून आत गेला. ३–२. त्यानंतर तुर्की गोलकीपरला लाल कार्ड आणि आघाडीच्या फळीतला तुंजाय हातमोजे चढवून गोलमध्ये उभा. भारतात रात्रीचे दोन वाजायला आलेले असताना हे सगळं पाहताना झोप उडणं म्हणजे काय ते कळलं. उपांत्यपूर्व फेरीत व्हिएन्नात क्रोएशियानं ११९ व्या मिनिटाला गोल केला. संपलंच होतं सगळं. सेमिहनं १२० मिनिटं उलटून गेल्यावर बरोबरी केली. पेनल्टी शूटआउटमध्ये तुर्कस्तानची पहिली पेनल्टी घ्यायला २१ वर्षांचा अर्दा गेला आणि त्यानं ती घातली. तुर्कस्तान उपांत्य फेरीत.

आणि अर्दा उपांत्य फेरीत नाही. त्याच सामन्यात त्याला स्पर्धेतलं दुसरं पिवळं कार्ड मिळालं होतं. नियमानं पुढचा सामना बाहेर.

जर्मनीविरुद्धची ती रात्र आणखी एका कारणानं लक्षात आहे. सामना बाझेलमध्ये, पण प्रक्षेपणाचं केंद्र व्हिएन्नात. तिथे वादळ झालं आणि बहुतेक जगाचं प्रक्षेपण उत्तरार्धात मध्येच गेलं. पडदा काळा. तेवढ्यात क्लोझेनं गोल केला, तो बहुतेकांना दिसलाच नाही. निलंबनं आणि दुखापती यांनी तुर्कस्तानचा संघ इतका पोखरला होता की बाकावर बसवायला धड माणसं नव्हती, तरी त्यांनी ८६ व्या मिनिटाला २–२ केलं. ९० व्या मिनिटाला फिलिप लामनं जर्मनीचा तिसरा गोल केला. लाम खेळत होता जर्मनीच्या डाव्या बाजूनं. अर्दा असता तर हा गोल अडला असता, असा हिशेब मी मांडत नाही, तो पोरकटपणा होईल. पण २–२ असताना शेवटच्या चार मिनिटांत चेंडू कुणाच्या तरी पायाशी शांत राहायला हवा होता, आणि तो ज्याच्या पायाशी शांत राहायचा तो वर बसून बघत होता.

गालातासारायनं २२ व्या वर्षी त्याला कर्णधार केलं आणि १० नंबरचा शर्ट दिला. तिथे १० नंबर म्हणजे रोमानियाचा महान खेळाडू गेओर्गे हाजी, म्हणजे देव्हारा. २०११ च्या ऑगस्टमध्ये सुमारे १.२ कोटी युरोंना तो अॅटलेटिको माद्रिदकडे गेला. त्याच उन्हाळ्यात गोल करणारा फाल्काओही आला. डिसेंबरात प्रशिक्षक बदलून दिएगो सिमिओने आला आणि अॅटलेटिकोचं पुढचं दशकच बदललं.

सिमिओनेच्या संघाबद्दल लोक ‘कष्टाळू’, ‘झुंजार’ वगैरे शब्द वापरतात. खरे आहेत ते. मला वाटतं त्या झुंजीला एक जागा अशी लागायची जिथे दम खाता येईल. दहा जण जीव तोडून चेंडू हिसकावतात, तो लगेच पुन्हा गमावला तर पुन्हा तेवढंच पळायचं. किती वेळ पळणार? तिथे अर्दा लागायचा. चेंडू त्याच्याकडे दिला की संघाला श्वास घ्यायला मिळायचा. आपल्याकडे कबड्डीत आघाडीवर असलेल्या संघाचा कसलेला चढाईपटू शेवटच्या मिनिटांत जसा जातो, गडी मारायची घाई नाही, मधली रेघ ओलांडून नुसता झुलवतोय, समोरच्या सातांना दमवतोय आणि घड्याळ आपल्यासाठी चालवतोय, तसं तो करायचा. गुण मिळत नाही त्यात. सामना मिळतो.

स्पेनमध्ये त्याच्या चाहत्यांनी ‘अर्दातुरानिस्मो’ असा एक पंथच काढला. दाढी वाढवलेला, खांदे पाडून चालणारा, जिंकल्यावर लहान पोरासारखा हसणारा हा तुर्क त्यांना का आवडला असेल ते कळतं. रेआल हा श्रीमंतांचा, सत्ताधाऱ्यांचा क्लब आणि आपण मांझानारेस नदीकाठच्या जुन्या मैदानावरचे हाल सोसणारे, अशी अॅटलेटिकोवाल्यांची स्वतःबद्दलची समजूत. बायरामपाशाचा पोरगा त्यात चपखल बसला. २०१२ मध्ये बुखारेस्टला युरोपा लीगचा अंतिम सामना ३–० नं जिंकला, तो खेळला. त्याच वर्षी सुपर कपमध्ये चेल्सीला ४–१ धुतलं. १७ मे २०१३ ला रेआलच्या घरात, बर्नाबेऊवर, कोपा देल रे या स्पेनच्या कपची अंतिम लढत २–१ नं जिंकली. शेजाऱ्यांना हरवायला अॅटलेटिकोला त्याआधी जवळपास १४ वर्षं जमलं नव्हतं. तेव्हाही तो मैदानात होता.

मग २०१४ उजाडलं. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीचा परतीचा सामना ३० एप्रिलला लंडनमध्ये, म्हणजे आपल्याकडे रात्री सव्वाबाराला. तारीख बदललेली, दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी, त्यामुळे घरात कुणी ‘झोप आता’ म्हणायचा प्रश्न नव्हता. चेल्सीकडून पहिला गोल तोर्रेसनं केला, अॅटलेटिकोच्याच अंगणात वाढलेला तो. अॅटलेटिकोनं दोन परत केले. ७२ व्या मिनिटाला उजवीकडून हुआनफ्राननं चेंडू उचलला, अर्दानं डोकं लावलं, चेंडू बारवर आदळून त्याच्याच पायाशी आला. गोलकीपर पडलेला. अर्दानं तो नुसता आत ढकलला. ३–१. बार लागल्यावर डोक्याला हात लावणारे खेळाडू आपण रोज बघतो. हा हललाच नव्हता जागेवरून. चेंडू परत येईल तिथे उभा होता.

आता इथून पुढची २४ दिवसांची गोष्ट मला आजही नीट सांगता येत नाही, चरफड होते.

१७ मे. कॅम्प नोऊ. लीगचा शेवटचा सामना, बार्सिलोना विरुद्ध अॅटलेटिको. अॅटलेटिकोला बरोबरी पुरेशी, बार्सिलोनाला विजय हवा. आपल्याकडे आदल्या दिवशी लोकसभेचे निकाल लागले होते आणि प्रत्येक वाहिनीवर तेच चर्वितचर्वण चालू होतं, त्यामुळे रिमोटवर थोडं भांडण झालं. साडेनऊला सामना सुरू झाला. १६ व्या मिनिटाला आघाडीचा दिएगो कोस्टा लंगडत बाहेर. २३ व्या मिनिटाला अर्दा बाहेर. कंबरेच्या भागातलं दुखणं. बाकावर बसला आणि रडू लागला. शर्टानं तोंड झाकून, हुंदके देऊन, आजूबाजूच्यांना न जुमानता. ३३ व्या मिनिटाला अलेक्सिस सांचेझनं कुठल्या तरी अशक्य कोनातून गोल केला तेव्हा कॅमेऱ्यानं पुन्हा त्यालाच शोधलं. उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच गोदीननं कॉर्नरवर डोकं लावून बरोबरी केली. मग उरलेला सगळा वेळ अॅटलेटिकोनं तो एक गुण छातीशी धरून ठेवला. १९९६ नंतर पहिल्यांदा ते स्पेनचे विजेते झाले. रेआल आणि बार्सिलोना सोडून तिसऱ्याच कुणी तरी लीग जिंकायला दहा वर्षं लागली होती. कॅम्प नोऊवरच्या घरच्या प्रेक्षकांनी उभं राहून त्यांना टाळ्या दिल्या, हेही सांगायला हवं.

२४ मे, लिस्बन, चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, समोर रेआल माद्रिद. अर्दा दुखापतीतून सावरू शकला नाही. कोस्टाला सिमिओनेनं उतरवलं आणि तो नवव्या मिनिटाला बाहेर गेला. एक बदल वाया. गोदीननं गोल केला, अॅटलेटिको १–० आघाडीवर. ७० मिनिटं, ८० मिनिटं, ९० मिनिटं. पाय गळून गेलेले. चेंडू मिळाला की कसाबसा लांब भिरकावायचा आणि तो लगेच परत यायचा. पुन्हा भिरकावायचा, पुन्हा परत. भरपाईच्या वेळेतलं तिसरं मिनिट संपत आलं असताना रेआलच्या सर्जिओ रामोसनं कॉर्नरवर डोकं लावलं. त्यानंतरच्या अर्ध्या तासात काय झालं ते स्कोअरलाइनच सांगते, ४–१. ती शेवटची दहा मिनिटं मी नंतरही पाहिली आहेत, आणि प्रत्येक वेळी डावीकडच्या कॉर्नरच्या झेंड्याजवळची ती मोकळी जागा दिसते. तिथे एक माणूस चेंडूवर बूट ठेवून पाठमोरा उभा हवा होता. दोन फाउल, एक थ्रो-इन, एक कॉर्नर. एवढंच. अॅटलेटिकोला गोल करणाऱ्याची गरज नव्हतीच त्या रात्री.

एका वर्षानंतर अर्दा बार्सिलोनाला गेला. मधे ते बूट प्रकरण झालं. जानेवारी २०१५, कोपा देल रे, बार्सिलोनाशीच सामना. झटापटीत त्याचा बूट निघाला, फाउल मिळाला नाही, आणि त्यानं तो बूट उचलून लाइन्समनच्या दिशेनं फेकला. पिवळ्या कार्डावर भागलं, हे आश्चर्यच. व्हिडिओ गमतीचा म्हणून फिरला. आता मागे वळून पाहताना गमतीचा वाटत नाही.

जुलै २०१५ मध्ये बार्सिलोनानं त्याच्यासाठी ३.४ कोटी युरो मोजले, वर ७० लाखांपर्यंत कामगिरीनुसार. पण अल्पवयीन परदेशी खेळाडूंच्या नोंदणीत नियम मोडल्याबद्दल फिफानं बार्सिलोनावर बंदी घातली होती. खेळाडू विकत घेता येईल, पण जानेवारी २०१६ पर्यंत नोंदवता येणार नाही. म्हणजे सहा महिने सराव करायचा आणि सामन्याच्या दिवशी कपडे घालून स्टँडमध्ये बसायचं. त्यात क्लबच्या अध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर होती आणि नव्या अध्यक्षाला नको असेल तर याला परत पाठवता येईल अशीही तरतूद करारात होती. २८ वर्षांचा, युरोपातल्या उत्तम खेळाडूंपैकी एक, आणि त्याची अवस्था नोकरीचं पत्र मिळालं पण रुजू करून घेत नाहीत अशी.

तो का गेला, हे मला कळतं. बार्सिलोनाला नाही म्हणणारे किती? पण तिथे त्याचं काम काय, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. डावीकडे नेमार, उजवीकडे मेस्सी, मधे सुआरेझ. विंग भरलेल्या. म्हणून त्याला आत, इनिएस्ताच्या पाळीला मधल्या फळीत खेळवायचं ठरलं. आणि तिथला खेळ असा, की चेंडू एका स्पर्शात पुढे गेलाच पाहिजे. अॅटलेटिकोत बाकी दहा जण पळत होते म्हणून याच्या थांबण्याला किंमत होती. बार्सिलोनात चेंडू स्वतःच कधी थांबत नव्हता, तिथे थांबणारा माणूस अडचणीचा. शिवाय सहा महिने बसून पायातली धार गेली ती गेलीच. लोक म्हणतात तो बार्सिलोनात फसला. आकडे इतके वाईट नाहीत खरं तर. ५५ सामने, १५ गोल. डिसेंबर २०१६ मध्ये बोरुसिया म्योन्शेनग्लाडबाखविरुद्ध हॅटट्रिक, त्याच महिन्यात कोपा देल रेमध्ये एर्क्युलेसविरुद्ध आणखी एक. आणि गंमत बघा, ८ मार्च २०१७ ला बार्सिलोनानं पॅरिस सेंट जर्मेनला ६–१ हरवलं, पहिल्या लढतीतले चार गोल फेडून, फुटबॉलमधल्या सर्वांत वेड्या रात्रींपैकी एक. त्या रात्री ६५ व्या मिनिटाला इनिएस्ताच्या जागी अर्दा तुरान मैदानात आला होता आणि शेवटची शिट्टी वाजेपर्यंत तिथेच होता. तो हजर होता हे कुणाच्याही लक्षात नाही. माझ्याही नव्हतं, नोंदी बघताना सापडलं.

पुढचा भाग भराभर सांगतो, कारण त्यात रमावं असं काही नाही. २०१६ च्या युरोत स्पेनकडून ३–० मार खाताना तुर्की प्रेक्षकांनीच आपल्या कर्णधाराला शिट्ट्या वाजवून हिणवलं. स्पर्धेत बोनसच्या पैशांवरून वाद झाल्याच्या बातम्या होत्या. जून २०१७ मध्ये राष्ट्रीय संघाच्या विमानात तो एका ज्येष्ठ पत्रकाराच्या अंगावर धावून गेला, शिबिरातून त्याला घरी पाठवलं, आणि त्यानं राष्ट्रीय संघातून निवृत्ती जाहीर केली. ती पुढे प्रशिक्षक मिर्चा लुचेस्कूच्या काळात मागे घेतली, आणि राष्ट्रीय संघाकडून त्याचे बरोबर १०० सामने झाले. बार्सिलोनात नव्या प्रशिक्षकानं त्याला एक मिनिटही दिलं नाही. जानेवारी २०१८ मध्ये तो इस्तंबूलच्या बाशाकशेहिरकडे उसना आला. मे महिन्यात सिवासस्पोरविरुद्ध त्यानं लाइन्समनला ढकललं, सुरुवातीला १६ सामन्यांची बंदी. ऑक्टोबरात एका गायकाशी नाइट क्लबमध्ये हाणामारी झाली आणि नंतर इस्पितळात पिस्तुलातून गोळी सुटली. न्यायालयानं २०१९ मध्ये दोन वर्षं आठ महिन्यांची शिक्षा सुनावून ती स्थगित ठेवली. क्लबनं २५ लाख लिरांचा दंड केला.

यातलं काहीच माफ करण्यासारखं नाही, आणि ‘बिचारा’ म्हणून मी त्याची पाठराखणही करणार नाही. प्रसिद्धी आणि पैसा डोक्यात गेला, हे सरळ उत्तर आहे आणि ते बऱ्याच अंशी बरोबर असेल. फक्त एक नोंदवतो. बूट असो, विमान असो, लाइन्समन असो, प्रत्येक वेळी त्याच्या पायाशी चेंडू नव्हता. तो असता तर हाच माणूस जगातला सर्वांत शांत माणूस असायचा.

बाशाकशेहिरची कथाही त्याच चालीची. २०१८–१९ मध्ये ते बरेच महिने आघाडीवर होते, गालातासारायनं शेवटी त्यांना गाठलं आणि दोन गुणांनी मागे टाकलं. म्हणजे अर्दाच्या आवडत्या क्लबनं अर्दाच्या सध्याच्या क्लबचं विजेतेपद ओढून नेलं. जानेवारी २०२० मध्ये अर्दानं बाशाकशेहिर सोडलं. जुलैत बाशाकशेहिर पहिल्यांदा तुर्कस्तानचं विजेतं झालं. त्या उन्हाळ्यात तो गालातासारायला परतला, केस पांढरे व्हायला लागलेले. त्या मोसमाच्या अखेरीस गालातासाराय आणि इस्तंबूलचाच बेशिकताश, दोघांचे ८४ गुण. बेशिकताश गोलफरकावर विजेते. फरक किती? एका गोलाचा. हे मी एखाद्या गोष्टीत वाचलं असतं तर लेखकाला म्हटलं असतं, बाबा रे, आवर आता.

२०२२ मध्ये त्यानं बूट टांगले. वर्षभरात, एप्रिल २०२३ मध्ये, दुसऱ्या पायरीवरच्या लीगमधल्या एयुपस्पोरचा प्रशिक्षक झाला. एयुप हा बायरामपाशाला लागूनचाच भाग. २०२४ मध्ये एयुपस्पोर लीग जिंकून इतिहासात प्रथमच सर्वोच्च लीगमध्ये आलं आणि पहिल्याच वर्षी सहावं. नवख्या प्रशिक्षकासाठी हे फार म्हणजे फारच चांगलं. मला त्याच्याकडून इतकी अपेक्षा नव्हती. ज्याला बाकावर दहा मिनिटं बसणं असह्य व्हायचं तो बाकासमोर उभं राहून पूर्ण मोसम काढेल, यावर मी पैज लावली नसती.

मे २०२५ मध्ये युक्रेनच्या शाख्तार दोनेत्स्कनं त्याला बोलावलं. २०१४ पासून हा क्लब आपल्या शहरात खेळू शकलेला नाही. आधी ल्विव, मग खार्किव, मग कीव, युद्ध पेटल्यावर युरोपीय स्पर्धांतले ‘घरचे’ सामने तर देशाबाहेर. अर्दाला राष्ट्रीय संघात परत घेणारा लुचेस्कू याच शाख्तारचा बारा वर्षं प्रशिक्षक होता आणि २००९ चा युएफा कप त्यानं जिंकला तो इस्तंबूलमध्ये. ब्राझीलहून कोवळी पोरं आणायची, त्यांना घडवायचं आणि पश्चिम युरोपला विकायचं, हा शाख्तारचा जुना शिरस्ता अर्दाच्या हाताखालीही चालू आहे. मी सामने मिळतील तसे पाहतो आणि नजर साहजिकच विंगकडे जाते. ती ब्राझिलियन पोरं चेंडू मिळाला की सुसाट सुटतात. एखाद्यानं तरी बूट चेंडूवर ठेवून पाठ फिरवावी म्हणून मी वाट पाहतो आहे, अजून तरी कुणी ठेवलेला नाही.